फुलांचा व्यापार आणि नफ्याची मर्यादा

गेल्या वार्षिक सभेचे कामकाज आटोपून चहापान चालले असता मंडळाच्या एका वयोवृद्ध सभासदांनी मला जवळ बोलावून एक प्रश्न केला. शब्द सौम्य होते, पण प्रश्न सौम्य नव्हता. ते म्हणाले, "तुझ्या घरी तीन पिढ्या देवाची पूजा आहे. परडीतले फूल देवाच्या मस्तकी वाहावे, हे तुमचे काम. तेच फूल तागडीत घालून तू त्यावर नफा काढतोस. तुला हे कसेसे वाटत नाही काय?" त्या वेळी मी, काळ बदलला आहे, घर चालवावयाचे आहे, असे काहीतरी पुटपुटलो. ते हसले आणि दुसऱ्या विषयाकडे वळले. मी मात्र तो प्रश्न घरी घेऊन आलो, आणि तेव्हापासून तो माझ्याबरोबर पहाटे मंडीत येतो व रात्री हिशेबाच्या वहीपाशी बसतो.

मी विद्वान नाही. बारावीपर्यंत शिकलो आणि पुढे लग्नमंडप, मखर, देवालये यांच्या पुष्पसजावटीच्या व्यवसायात पडलो. तथापि प्रश्न ज्याला विचारला गेला त्यानेच उत्तर शोधावे, हे न्यायाचे होईल, म्हणून हा लेखनप्रपंच. सभासद बंधुभगिनींनी तो गोड मानून घ्यावा. आणि गोड न वाटेल तेथे स्पष्ट सांगावे.

प्रथम एक भ्रम दूर केला पाहिजे. पूर्वी देवाची फुले फुकट येत असत आणि आता त्यांचा बाजार झाला आहे, अशी एक समजूत आपल्यात रूढ आहे. वस्तुतः ती पूर्वीही फुकट नव्हती. गावगाड्यात गुरवाचा बलुत्यात वाटा असे आणि माळ्याची गणना अलुतेदारांत होत असे. कित्येक देवस्थानांस फुलबागेसाठी इनाम जमिनी होत्या. देवाला रोज हार पोचविणाऱ्याच्या घरी सुगीला धान्य पोचत असे. म्हणजे मोबदला होताच. भेद इतकाच की तो वर्षाचा ठरलेला असे. दसऱ्याच्या आदल्या रात्री झेंडू महाग झाला म्हणून माळी पाटलाच्या दारात जाऊन दुप्पट ज्वारी मागत नसे, आणि श्रावणात फुलांचे ढीग लागले म्हणून पाटीलही त्याची पायली कमी करीत नसे. ती व्यवस्था गेली. तिच्यात जन्मावरून माणसाचे काम ठरत होते, म्हणून ती गेली याचे मला दुःख नाही. पण किंमत दिवसागणिक, किंबहुना घटकेगणिक बदलावी, हे नवे आहे. आणि त्या सभासदांच्या प्रश्नाचे मूळ मला तेथे दिसते.

शास्त्राकडे वळावे तर गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतांनी पान, फूल, फळ आणि पाणी ही भक्तीने दिलेली चारही वस्तू आपण स्वीकारतो असे सांगितले आहे. फुलाला किती पैसे पडले हे तेथे विचारलेले नाही. परंतु एवढ्यावरून व्यापाऱ्याने निर्धास्त होऊ नये. ते वचन देणाऱ्यासाठी आहे, विकणाऱ्यासाठी नव्हे. विकणाऱ्यासाठी महाभारतात निराळी कथा आहे. शांतिपर्वात जाजली नावाचा तपस्वी येतो. तो इतका निश्चल उभा राहिला की पक्ष्यांनी त्याच्या जटांत घरटे केले. त्याला आपल्या तपाचा गर्व झाला, तेव्हा वाराणसीच्या तुलाधार नावाच्या वाण्याची बरोबरी तुला येणार नाही, असे त्याला ऐकावे लागले. तो वाराणसीस गेला, तो तुलाधार दुकानात बसून माल विकत होता. मद्य तेवढे सोडून नाना प्रकारचे रस आणि सुगंधी द्रव्ये हा त्याचा माल. म्हणजे आमच्याच धंद्याचा तो दूरचा भाऊबंद म्हणावयाचा! कपट न करता घ्यावे, कपट न करता विकावे, आणि सर्वांसाठी आपली तागडी सारखीच असावी, इतकीच त्याची साधना होती. ही कथा मी लहानपणापासून वडिलांच्या तोंडून ऐकत आलो. धंद्यात पडल्यावर तिच्यातील एक अडचण ध्यानात आली. तुलाधाराने नफा किती घ्यावा, याचा आकडा तेथे नाही.

आकडा देतो तो कौटिल्य. देशी मालावर शेकडा ५ आणि परदेशी मालावर शेकडा १० याहून अधिक नफा व्यापाऱ्याने घेऊ नये, घेतल्यास दंड करावा, असे अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणात म्हटले आहे. हे वाचले त्या दिवशी मी वही उघडून माझा हिशेब त्याच्यासमोर मांडला. समजा, एका लग्नाच्या सजावटीचे २०,००० रुपये ठरले. त्यांत ८,००० रुपयांची फुले, ५,००० रुपये माळा ओवणाऱ्या बायकांची व मांडणी करणाऱ्या मुलांची मजुरी, ३,००० रुपये टेम्पो, बांबू, कापड, दोरा यांना. हाती उरले ४,००० रुपये. खर्च १६,००० रुपये, म्हणजे नफा शेकडा २५. कौटिल्याच्या राज्यात माझी रवानगी सरळ दंडाधिकाऱ्यापुढे झाली असती.

पण तोच ग्रंथकार किंमत ठरविताना मालाबरोबर जकात, व्याज, भाडे इत्यादी खर्चही धरावयास सांगतो. आमच्या व्यवसायात दिसत नाहीत असे खर्च फार आहेत. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत लग्ने नाहीत, पितृपक्ष कोरडा, अधिकमास आला की त्यात आणखी भर. पण माळा ओवणाऱ्या बायकांच्या चुली त्या महिन्यांतही पेटाव्या लागतात. करंडीतील सारीच फुले कामास येत नाहीत. तळची चेंगरलेली, वरची उन्हाने वाळलेली निघतात. कापड राहते, धान्य राहते, लोखंड तर वर्षानुवर्षे राहते. फूल सकाळी घेतले ते संध्याकाळपर्यंत विकले नाही तर ते कचरा होते. मोगऱ्याची कळी पहाटे खुडावी, ती त्याच रात्री उमलते, आणि दुसऱ्या दिवशी तिला कोणी विचारीत नाही. २०२० साली मार्च महिन्यात टाळेबंदी लागली, देवळे आणि मंगलकार्यालये एकदम बंद झाली, तेव्हा ठिकठिकाणी शेतकऱ्यांनी बहरलेल्या झेंडूवर नांगर फिरविला. मी तेव्हा नुकताच शाळेतून बाहेर पडलो होतो. ज्या मालाला दुसरा दिवस नसतो, त्याच्या नफ्याला धान्याच्या नफ्याचे माप लावता येत नाही, असे माझे मत झाले आहे. मात्र हे मत माझ्या सोयीचे आहे, याचीही मला जाणीव आहे. आणि सोयीचे मत दोनदा तपासावे.

ते तपासण्याचा प्रसंग लौकरच आला. दसऱ्याची आदली संध्याकाळ. चोइथराम मंडीत त्या दिवशी झेंडू सकाळी एका भावाने निघाला होता, दुपारी निराळ्या, आणि दिवे लागणीला भाव तिसराच झाला होता. झेंडूचे रोप लावल्यापासून फूल येण्यास सुमारे दोन महिने लागतात. सारे शेतकरी दसरा धरूनच लागवड करतात. पीक चांगले आले तर इतका माल एकदम येतो की कित्येकजण परतीचे भाडेही परवडत नाही म्हणून फुले रस्त्याच्या कडेला ओतून जातात; आणि ऐन वेळी पाऊस झाला तर भाव आभाळास भिडतो. त्या साली पाऊस झाला होता. आमच्याच वस्तीतील एक आजी दुकानी आल्या. त्या शिवणकाम करून पोट भरतात. यंत्रपूजेसाठी शिलाईच्या यंत्राला घालावयास एक हार त्यांना हवा होता. भाव ऐकून त्या म्हणाल्या, "राहू दे बाळ, आंब्याची डहाळी बांधीन." आणि गेल्या. पाच मिनिटांनी तोच हार मी एका मोटारीसाठी त्याच भावाने दिला.

यात मी कपट केले नाही. भाव मी चढविला नव्हता; मलाही तो चढाच पडला होता. तुलाधाराच्या तागडीत मी बरोबर उतरलो असतो. तरी त्या रात्री जेवण गेले नाही. मला जे कळले ते असे: तागडी सारखी ठेवणे हा व्यापारधर्म पुरा आहे असे नाही, त्या तागडीपर्यंत कोण येऊ शकते आणि कोण दारातूनच परत फिरते, हेही पाहावे लागते. दुसऱ्या वर्षापासून मी श्रावणातच जाहीर केले की दसऱ्यास मंदिराच्या सभासदांना घरातील यंत्र, वही, हत्यार यांसाठी एकपदरी लहान हार ठराविक किमतीस मिळेल, मंडीचा भाव काहीही असो. पहिल्याच वर्षी एका गृहस्थांनी तसले वीस हार नेऊन आपल्या दुकानाला तोरण बांधले! असो. आता घरटी एक असा नियम केला आहे. आजींनी हार नेला, पण पैसे मोजून दिले, आणि आंब्याची डहाळी मी बांधतेच, तीही लाव, असे बजावून गेल्या.

आता सजावटीविषयी दोन शब्द. आमच्या धंद्यावर दुसरा आक्षेप नासाडीचा आहे. चार घटकांच्या समारंभासाठी दोन-दोन क्विंटल फुले टांगावयाची आणि मध्यरात्री ती फावड्याने ओढावयाची, हे पाहून माझ्याही पोटात कालवते. यास कला म्हणून उत्तर देता येते, पण ते मला पुरेसे वाटत नाही. बरे, देवळात वाहिलेले फूलही दुसऱ्या दिवशी उतरतेच. परंतु त्याला आपण निर्माल्य म्हणतो, पायदळी येऊ देत नाही. आपल्या इंदूर शहरात खजराणा येथील गणेशमंदिरात त्या फुलांचे खत होते. मंडपातील फुलांना मात्र कोणी नाव दिलेले नाही, म्हणून त्यांची वाट लागते. मी ती वेगळी काढून एका शेतकऱ्याच्या खड्ड्यात पाठवितो. पण ज्यात हिरव्या फोमचे तुकडे मिसळले ती घेण्यास तो नकार देतो, आणि ते योग्यच आहे. तो फोम म्हणजे एक प्रकारचे प्लॅस्टिक. त्याचा चुरा होतो, माती होत नाही. आता मी तो टाकून मातीची भांडी, पाणी आणि तारेची जाळी यांवर भागवितो. मांडणीला वेळ दीडपट लागतो. यजमानांना फरक दिसत नाही आणि त्याचे पैसेही ते देत नाहीत.

येथे एक किरकोळ मुद्दा. जरबेरा, ऑर्किड ही परदेशी फुले देवाला चालत नाहीत, असे काही मंडळी मला बजावतात. त्यांना नम्रपणे सांगावेसे वाटते की झेंडू आणि निशिगंध ही दोन्ही मूळची मेक्सिकोतील आहेत. आज झेंडूवाचून दसरा सुना वाटतो. देवाने त्याला कोठून आलास म्हणून विचारले असेल, असे दिसत नाही.

याहून कठीण गोष्ट पुढे आहे. ती सांगण्यासाठीच, खरे म्हणजे, मी हा लेख लिहावयास घेतला.

अक्षय्यतृतीयेचा दिवस मुहूर्तांनी गच्च भरलेला असतो. एका वर्षी आदल्या रात्री माझ्याकडे एक मोठे लग्न होते, आणि पहाटे आपल्या मंदिराच्या गाभाऱ्याची व महाद्वाराची सजावट. मंडीत भाव तिप्पट. मध्यरात्री लग्नमंडप सोडताना मागल्या बाजूच्या झेंडूच्या माळा मला जवळजवळ ताज्या दिसल्या. तिकडे पाहुणे फिरकले नव्हते, कोणी त्यांना स्पर्शही केलेला नव्हता. मी त्या उतरविल्या, पाणी शिंपडले, ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि पहाटे पाचच्या सुमारास महाद्वाराला बांधल्या. बिल मात्र ताज्या फुलांचे करावयाचे, असे मनाशी ठरले होते.

वडील काकडआरतीसाठी आले. द्वारापाशी थबकले. एका माळेत सोनेरी चमकीचा बोटभर तुकडा अडकून राहिला होता; लग्नाच्या कमानीवरचा. त्यांनी तो काढून माझ्या हातावर ठेवला आणि विचारले, "ही फुले कोणाची?" कोठली, असे विचारले नाही, कोणाची, असे विचारले. मी म्हणालो, "वापरलेली नाहीत, बाबा. कोणी वास घेतला नाही, अंगावर घातली नाहीत. शास्त्राने दोष नाही." ते म्हणाले, "शास्त्राचे मी पाहीन. कोणाची, ते सांग."

तेव्हा मला उमगले. शिळे आणि ताजे हा प्रश्न दुय्यम होता. त्या माळांचे पैसे वधूपित्याने मोजले होते. त्या त्यांच्या होत्या. काम संपल्यावर काय करावे हे विचारण्याचे सौजन्यही मी दाखविले नव्हते. जे माझे नव्हते ते मी देवाला विकत होतो, आणि तेही दुसऱ्यांदा. एकाच फुलावर दोन घरांतून पैसे घेण्याला नफा म्हणत नाहीत. त्याचे जे नाव आहे ते देवळाच्या पत्रिकेत लिहिण्याचे धैर्य मला होत नाही.

वडिलांनी स्वतः माळा उतरविल्या. त्या दिवशी महाद्वाराला केवळ आंब्याची पाने होती. अनेकांनी कारण विचारले. वडील म्हणाले, "फुले कमी पडली." ते खोटे नव्हते, पण जन्मभर ज्यांनी देवापुढे शब्द तोलून उच्चारला, त्यांना माझ्यापायी अर्धे सत्य बोलावे लागले, याची टोचणी मला अद्याप आहे. मी बिलातून द्वाराच्या सजावटीची रक्कम वगळली. खजिनदारांना वाटले की मंदिराचे काम म्हणून मी सूट दिली. त्यांनी सभेत माझे आभारही मानले. मी उभा राहून ते आभार परत करावयास हवे होते. मी मान खाली घालून बसलो. ज्यांनी ते ऐकले त्या सर्वांना आज सांगतो की ती सूट नव्हती. वधूपित्यांना मी पुढे भेटलो आणि त्या माळांचे पैसे देऊ केले. ते प्रथम हसले, मग गंभीर झाले, आणि पैसे घेतले. त्यांनी ते घेतले याचे मला बरे वाटले.

तेव्हापासून करारातच एक ओळ घातली आहे: समारंभानंतर फुलांचे काय करावयाचे ते यजमान सांगतील. बहुतेक जण सांगतात, तुम्हीच काय ते करा. दोघा-तिघांनी रुग्णालयात वाटावयास सांगितले. एका आईने सारी फुले घरी नेऊन आपल्या बागेत पुरली.

शेवटचा एक मुद्दा राहिला, आणि त्यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. अंत्ययात्रेसाठी लागणारी फुले मी खरेदीच्या भावाने देतो. त्यावर काही घेत नाही. दुःखात असलेल्या माणसाकडून नफा घेणे मला जमत नाही. आपण चांगले करीत आहोत अशा समजुतीने मी हे वडिलांना सांगितले. त्यांना ते पटले नाही. ते म्हणाले, "मग ओवणाऱ्या बाईची मजुरी कोठून देतोस?" मी सांगितले, लग्नांच्या नफ्यातून. "म्हणजे लग्नवाल्यांना न विचारता तू त्यांच्याकडून प्रेताची फुले घेववतोस. तागडी सारखी ठेव म्हणतो तो तुलाधार. आनंदाला एक वजन आणि दुःखाला दुसरे, असे त्याने सांगितलेले नाही. आणि ज्याच्या घरी कोणी गेले आहे, त्यालाही शेवटचा हार आपल्या पैशाने घ्यावासा वाटत असेल. तू त्याच्यावर उपकार का चढवितोस?"

याला माझ्याजवळ उत्तर नाही. आजी पैसे मोजून देऊन गेल्या, ते आठवले की वडिलांचे पटते. रात्री-अपरात्री दार वाजते, दारात कोणीतरी रडवेल्या डोळ्यांनी उभे असते, आणि हाराचे किती म्हणून विचारते, तेव्हा माझ्या तोंडून खरेदीचाच आकडा बाहेर पडतो. परवाही तसेच झाले. वडील आत जागे होते; काही बोलले नाहीत. सकाळी मी वही उघडली तो त्या नोंदीपुढे त्यांच्या अक्षरात ओवणावळीचे चाळीस रुपये मांडलेले होते, आणि तेवढी रक्कम त्यांनी आपल्या दक्षिणेच्या डब्यातून काढून वहीवर ठेवली होती.